सव्वाशे मीटरांचा मागोवा

मावळातल्या जुन्या टोपोशीटवर मोबाइलमधले अक्षांश-रेखांश जसेच्या तसे टाकले, तर बिंदू वायव्येला जाऊन पडतो. लोणावळ्यासाठी हिशेब केला, तर साधारण शंभर मीटर उत्तरेला आणि सत्तर मीटर पश्चिमेला, म्हणजे सरळ रेषेत सव्वाशे मीटरांच्या आसपास. पुण्याच्या पूर्वेकडच्या माळावर एवढ्या फरकाने फारसं बिघडत नाही. बोरघाटात मात्र एक्स्प्रेस-वे, जुना महामार्ग आणि रेल्वे काही ठिकाणी एकमेकांना खेटून चालतात. तिथे सव्वाशे मीटर सरकलेली गाडी नकाशावर रुळांवर चढते, आणि नागफणीच्या कड्यावर उभा असलेला माणूस दरीत तरंगताना दिसतो.

मोबाइल बिघडलेला नसतो आणि नकाशाही चुकीचा नसतो. दोघांनी पृथ्वी वेगवेगळी मानलेली असते. नकाशाने मानलेली पृथ्वी जवळपास दोनशे वर्षांपूर्वीची आहे आणि तिच्यावर आखलेल्या नकाशाच्या घडणीतला काही भाग याच मुलखात घडला आहे.

त्याआधी मावळात मोजणी नव्हती असं नाही. शिवकाळात जमीन काठीने मोजली जाई. पाच हात पाच मुठींची एक काठी, वीस काठ्या लांब नि वीस काठ्या रुंद तुकड्याचा एक बिघा, आणि एकशेवीस बिघ्यांचा एक चावर. सारा ठरवायला ते पुरेसं होतं. पण पवनमावळातलं शेत आणि नाणेमावळातलं शेत एकमेकांपासून नेमकं कुठे आहे, हा प्रश्न त्या काठीला कुणी विचारत नव्हतं. सगळ्या मुलखाला एकाच चौकटीत बसवायचं म्हटलं की माप कुठल्या तरी एका जागेपासून सुरू करावं लागतं, आणि ती जागा एकदा ठरली की पुढचा प्रत्येक आकडा तिच्याशी बांधला जातो.

विल्यम लॅम्बटनने १८०२ साली मद्रासजवळ सेंट थॉमस माउंटच्या पायथ्याशी पहिली पायारेषा मोजली आणि तिथून त्रिकोणांची साखळी भारतभर निघाली. एक रेषा जमिनीवर अत्यंत काळजीने मोजायची, तिच्या दोन्ही टोकांवरून दूरच्या डोंगरमाथ्याचे कोन घ्यायचे, आणि उरलेल्या बाजू त्रिकोणमितीने काढायच्या. नवी बाजू पुढच्या त्रिकोणाचा पाया होते. या कामातच १८२३ च्या जानेवारीत लॅम्बटन हिंगणघाटला वारला. त्याची कबर तिथेच आहे. त्याचा सहायक जॉर्ज एव्हरेस्ट त्या सुमाराला बिदरजवळच्या दमरगिड्याहून मुंबईच्या दिशेने त्रिकोण ओढत होता. लॅम्बटनच्या मृत्यूमुळे ती मुंबईची मालिका अर्धवट राहिली.

ती पुढे नेण्याचं काम मुंबई सैन्यातल्या रॉबर्ट शॉर्टरीडकडे आलं. सह्याद्री ओलांडून त्रिकोण कोकणात उतरवायचे, तर घाटमाथ्यालगत एक लांबसडक सपाट जागा हवी होती. ती इंद्रायणीच्या खोऱ्यात, कार्ल्याच्या मैदानात सापडली. १८२० च्या दशकाच्या अखेरीस शॉर्टरीडने तिथे पायारेषा मोजली. कार्ल्याची ओळख लेण्यांची आणि एकवीरेची. पण पश्चिम भारताच्या नकाशाच्या इतिहासात त्या सपाटीलाही मान मिळायला हवा. एका बाजूला लोहगड-विसापूर, दुसऱ्या बाजूला लेण्यांचा डोंगर, मध्ये नदीकाठचं मैदान, आणि कोन घ्यायला दोन्हीकडे माथेच माथे. पुढे याच शॉर्टरीडने लॉगरिथमचे मोठे कोष्टकग्रंथ छापले. ज्याने डोंगराळ मुलखातले त्रिकोण हाताने सोडवले, त्याला ती कोष्टकं किती लागली असतील!

मुंबई इंजिनिअर्समधला विल्यम जेकब हाही या सर्वेक्षणातला. त्याने १८४२ साली पुण्यात स्वतःची वेधशाळा उभारली, पुढे मद्रासच्या वेधशाळेचा प्रमुख झाला, आणि १८६२ च्या ऑगस्टमध्ये पुण्यातच वारला. मावळ-पुण्याच्या नकाशाची वंशावळ सांगताना ही माणसं वगळली तर उरतात ते नुसते आकडे.

आता मूळ गोष्ट. त्रिकोणांच्या साखळीतून अंतरं मिळतात. अक्षांश-रेखांश आपोआप मिळत नाहीत. त्यासाठी पृथ्वीचा आकार आधी गृहीत धरावा लागतो. पृथ्वीची विषुववृत्तीय त्रिज्या किती आणि ध्रुवांकडे ती किती चपटी, हे दोन आकडे ठरवायचे, आणि मग त्यांतून होणारा आकार, म्हणजे गोलाभ, कुठल्या तरी एका ठिकाणी जमिनीला टेकवायचा. एव्हरेस्टने १८३० साली आपले आकडे छापले. भारतातलं त्याचं माप होतं दमरगिड्यापासून मध्य भारतातल्या कल्याणपूरपर्यंतच्या कमानीचं, म्हणजे उत्तर अक्षांश १८ अंश ३ कलांपासून २४ अंश ७ कलांपर्यंत. लोणावळ्याचा अक्षांश १८ अंश ४५ कला, तो या पट्ट्यातच येतो. सिरोंजजवळचं कल्याणपूर हा पुढे साऱ्या भारतीय नकाशांचा आरंभबिंदू झाला. एव्हरेस्टचा गोलाभ तिथे टेकवला आणि बाकीचा देश त्यावरून मोजत नेला. गोलाभ आणि त्याची टेकवण मिळून जी चौकट होते, तिला डेटम म्हणतात.

हा गोलाभ भारताच्या अंगावर बेतून शिवलेला सदरा आहे. त्याची विषुववृत्तीय त्रिज्या ६३,७७,२७६ मीटर. उपग्रहांच्या काळातल्या गोलाभाची, म्हणजे डब्ल्यूजीएस ८४ ची, ६३,७८,१३७ मीटर. एव्हरेस्टची पृथ्वी साडेआठशे मीटरांहून थोडी अधिक लहान. मग त्या पृथ्वीवर आखलेले नकाशे दीडशे वर्षं कसे चालले? त्या छोट्या पृथ्वीचं केंद्रही खऱ्या केंद्रापासून सरकलेलं आहे म्हणून. अमेरिकी संरक्षण नकाशा संस्थेने भारत-नेपाळसाठी जे रूपांतराचे आकडे प्रसिद्ध केले, ते तीन अक्षांवर २९५, ७३६ आणि २५७ मीटर असे आहेत. त्यांची बेरीज वर्ग-वर्गमूळाने केली की केंद्रांमधलं अंतर सुमारे ८३० मीटर येतं. आणि लोणावळ्यात उभं राहून पाहिलं तर हे सरकणं जवळजवळ सगळंच पायाखालून वर, आपल्याच दिशेला आहे. त्रिज्या जितकी कमी पडली, तितकंच केंद्र भारताकडे ओढलं गेलं. दोन्ही फरक एकमेकांना खोडतात आणि जमिनीवर उरतं ते केवळ सव्वाशे मीटरांचं आडवं सरकणं. तेव्हाच्या साधनांनी, पावसापाण्यात आणि तापात, केवळ कोन मोजून या माणसांनी आपल्या भागापुरती पृथ्वी किती चांगली बसवली होती, हे यातून दिसतं. या हिशेबाने मला दर वेळी थक्क केलं आहे.

रेखांशाने मात्र फार मोठी चूक पोटात बाळगली होती. अक्षांश ताऱ्यांवरून मिळतो. रेखांशाला ग्रिनिचची वेळ लागते. मद्रास वेधशाळेचा रेखांश सुरुवातीला जो धरला गेला, त्यावर सगळ्या भारताचे रेखांश उभे राहिले. तारायंत्राने वेळ पाठवता यायला लागल्यावर आणि १८९० च्या दशकात बरार्ड व लेनॉक्स-कनिंगहॅम यांनी कराचीपासून ग्रिनिचपर्यंतची मोजणी पुरी केल्यावर कळलं, की जुन्या नकाशांवरचे रेखांश सुमारे २ कला २७ विकलांनी जास्त आहेत. लोणावळ्याच्या अक्षांशावर याचे होतात सव्वाचार किलोमीटरांहून थोडे अधिक. खंडाळा आणि लोणावळा स्टेशनांमधलं अंतर साधारण तेवढंच. म्हणजे एकोणिसाव्या शतकातल्या नकाशावरून खंडाळ्याचा रेखांश घेऊन आजच्या उपकरणात भरला, तर माणूस थेट लोणावळ्याच्या रेखांशावर पोचतो! बोरघाटाची रेल्वे १८६३ च्या एप्रिलमध्ये सुरू झाली, ती याच चुकीच्या रेखांशांच्या काळात. तिला काही फरक पडला नाही, कारण रूळ टाकणाऱ्याला ग्रिनिच लागत नाही. शेजारचा बोगदा कुठे आहे एवढंच कळावं लागतं. सगळे बिंदू सारखेच सरकलेले असतील, तर त्यांच्या आपसातल्या जागा बरोबरच राहतात. म्हणूनच ही चूक इतकी वर्षं टिकली, आणि आजची डेटमची चूकही याच कारणाने लपून राहते.

पुढे नकाशे दुरुस्त झाले, एक इंच एक मैलाचे झाले, मग दशमान पद्धतीत १:५०,००० चे झाले. लोणावळ्याची शीट ४७ एफ. तिच्यातल्या पंधरा-पंधरा कलांच्या चौकटींमध्ये ५ आणि ६ यांची शिवण नेमकी १८ अंश ४५ कलांवर, म्हणजे लोणावळा गावातूनच जाते. राजमाची पाचमध्ये, लोहगड सहामध्ये, आणि लोणावळा दोन्हींत. जुन्या मालिकेतली प्रत्येक शीट बहुशंकू प्रक्षेपणात स्वतंत्रपणे काढलेली असल्यामुळे स्कॅन करून शेजारी ठेवल्या की कडा तंतोतंत जुळत नाहीत. त्यात भारतीय सर्वेक्षण विभागाने २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणानंतर खुल्या मालिकेच्या शीट डब्ल्यूजीएस ८४ वर आणि यूटीएम प्रक्षेपणात आणल्या. चौकट पुन्हा पंधरा कलांचीच. पण १८ अंश ४५ कलांची नवी रेषा जमिनीवर जुन्या रेषेच्या सुमारे शंभर मीटर दक्षिणेला पडते. लोणावळ्यातला शंभर मीटर रुंदीचा एक पट्टा जागचा न हलता एका शीटमधून दुसरीत गेला. नव्या-जुन्या शीट एकत्र वापरणाऱ्याला हा पट्टा एकतर दोनदा दिसतो किंवा गायब होतो.

या सव्वाशे मीटरांकडे विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत सर्वसामान्यांचं लक्ष गेलं नाही, त्याचं कारण अमेरिकेत होतं. जीपीएस १९९५ साली पूर्ण कार्यान्वित झालं, पण नागरी संदेशात मुद्दाम गोंधळ मिसळलेला असे, आणि चूक शंभर मीटरांपर्यंत जाई. तितक्या थरथरणाऱ्या बिंदूत डेटमचा फरक वेगळा ओळखू येणं कठीण. २००० च्या मे महिन्यात तो गोंधळ बंद झाला आणि बिंदू एकदम स्थिर झाला. मुंबई-पुणे एक्स्प्रेस-वेचे पहिले टप्पे त्याच वर्षी खुले झाले. २००२ मध्ये तो पूर्ण सुरू झाला. घाटातून रोज हजारो वाहनं जायला लागली, त्यांतल्या काहींवर ट्रॅकर बसले, आणि मागे नकाशा हवा म्हणून कुणीतरी हाताशी असलेली जुनी टोपोशीट स्कॅन करून गिरवायला घेतली. रस्ते, ओढे, वाड्या सगळं एव्हरेस्टच्या पृथ्वीवर गिरवलं गेलं आणि गाड्या उपग्रहांच्या पृथ्वीवरून धावायला लागल्या.

ट्रॅकिंगच्या कामात हे नुसतं दिसायला वाईट नसतं. सॉफ्टवेअर प्रत्येक बिंदूला जवळच्या रस्त्याला चिकटवतं. बिंदू रस्त्यापासून दहा मीटर इकडे-तिकडे असेल तर चिकटवणं उपयोगी पडतं. सव्वाशे मीटर बाजूला असेल तर ते निष्ठेने चुकीच्या रस्त्याला चिकटवतं. एक्स्प्रेस-वेवरची बस जुन्या महामार्गावर गेली असं नोंदलं जातं, तिथली वेगमर्यादा तिला लागू होते, वळणं वेगळी म्हणून किलोमीटरही वेगळे लागतात. आणि त्या नोंदीवर चालकाला जाब विचारला जातो.

चूक कुठली आहे ते ओळखायची एक साधी रीत आहे, आणि हे काम करणाऱ्या प्रत्येकाने ती हातात ठेवावी असं मला मनापासून वाटतं. बऱ्याच फेऱ्यांचे ट्रॅक एकावर एक टाकावेत. ते रस्त्याच्या दोन्ही बाजूंना विस्कटलेले असतील तर दोष उपग्रहांचे संदेश टिपण्यातला. घाटात कड्यांवरून आदळून येणाऱ्या लहरींमुळे तो हमखास असतो. सगळे ट्रॅक एकाच दिशेला, सारख्याच अंतराने सरकलेले असतील तर डेटम चुकलेला आहे. कितीही फेऱ्यांची सरासरी काढली तरी तो फरक हटत नाही. आणि फरक एका कडेकडे वाढत जात असेल, कामशेतला कमी नि खंडाळ्याला जास्त, तर प्रक्षेपण चुकलंय किंवा कागद स्कॅन करताना ताणला गेलाय.

शेवटच्या प्रकारावर उपाय नियंत्रण बिंदूंचा. नकाशावर आणि जमिनीवर दोन्हीकडे खात्रीने ओळखू येतील अशा जागा निवडून त्यांच्या खऱ्या जागांवर नकाशा बसवायचा. मावळात अशा जागा विपुल आहेत, पण निवड डोळसपणे हवी. रेल्वेचे पूल आणि लेवल क्रॉसिंग भरवशाचे. गडांचे बुरूज आणि डोंगरमाथ्यांवरची मंदिरं त्याहून भरवशाची. वळवण किंवा पवनेच्या जलाशयाचा काठ कधी धरू नये. पाण्याची पातळी ऋतूप्रमाणे बदलते आणि काठ शेकडो मीटर सरकतो. ओढ्यांचे संगमही टाळावेत. बिंदू तालुकाभर पसरलेले हवेत. सगळे महामार्गालगत घेतले तर तुंग-तिकोन्याकडचा नकाशा वाकडा राहतो.

पण हे करण्याआधी जुना डेटम सॉफ्टवेअरला सांगावाच लागतो, आणि तिथे आणखी एक अडचण आहे. जीआयएसच्या यादीत एव्हरेस्ट नावाचे अनेक गोलाभ असतात: १८३०, १९५६, १९७५ आणि इतर. एव्हरेस्टने मोजलं फुटांत, आणि त्या फुटाचे मीटर किती धरायचे याबद्दल वेळोवेळी वेगळी मतं झाली. १९५६ च्या रूपात तीच त्रिज्या ६३,७७,३०१ मीटर होते, मूळच्यापेक्षा २५ मीटर जास्त. वर दिलेले २९५, ७३६, २५७ हे आकडे त्या १९५६ च्या रूपासाठीचे. एकाचा गोलाभ आणि दुसऱ्याचे आकडे एकत्र केले की नवीच चूक जन्माला येते. शिवाय या तीन आकड्यांत प्रत्येकी दहा-पंधरा मीटरांची अनिश्चितता आहे. ट्रेकची वाट दाखवायला हे पुरतं. जमिनीची हद्द दाखवायला मुळीच पुरत नाही.

हद्दीचा वंश तर सगळ्यांत वेगळा. इंग्रजी अमलातल्या महसुली मोजणीने गावनकाशे काढले ते ३३ फुटी साखळीने. साखळीचे सोळा आणे. एक साखळी लांब नि एक साखळी रुंद म्हणजे एक गुंठा. चाळीस गुंठ्यांचा एकर. नकाशाचं माप एका इंचाला वीस साखळ्या, म्हणजे मैलाला आठ इंच. या नकाशांवर अक्षांश-रेखांश नाहीत. कार्ल्याच्या पायारेषेशी किंवा कल्याणपूरशी त्यांचं काही नातं नाही. प्रत्येक गाव आपल्यापुरतं मोजलेलं. खरी मोजणी नकाशातही नाही, ती टिपणात आहे: कोणत्या दगडापासून कोणत्या दगडापर्यंत किती साखळ्या नि किती आणे. त्यात मावळ म्हणजे उतार. वीस अंशांच्या उतारावर जमिनीलगत मोजलेले शंभर मीटर आडवे धरले तर चौऱ्याण्णवच भरतात. उपग्रहाचं चित्र वरून पाहतं, त्याला ते चौऱ्याण्णवच दिसतात.

असा स्कॅन केलेला गावनकाशा उपग्रहाच्या चित्रावर ओढून-ताणून बसवायचा आणि गटाची हद्द बांधावरून जाते की शेजाऱ्याच्या भातखाचरातून, हे मोबाइलवर पाहून ठरवायचं, हे आता मावळात सर्रास चालतं. एक्स्प्रेस-वेनंतर इथल्या जमिनीचे भाव जसे चढले, तसा पाच मीटरांनाही मोल आलं. मला याची काळजी वाटते. पडद्यावरची रंगीत रेघ मोजणीसारखी दिसते, पण ती मोजणी नाही. अशा प्रत्येक थरावर तो कशावरून बसवला, किती नियंत्रण बिंदूंवर आणि शिल्लक चूक किती मीटर, हे लिहिलेलं नसेल तर तो कुणाच्याही हद्दीसाठी वापरू नये. जिची जमीन चार गुंठे आहे, तिचा त्या न लिहिलेल्या आकड्यात एखादा गुंठा जाऊ शकतो.

उंचीची कथा वेगळी असली तरी घराणं तेच. लोणावळा समुद्रसपाटीपासून सुमारे ६२५ मीटरांवर. ही समुद्रसपाटी १९०९ च्या समायोजनात नऊ बंदरांवरच्या भरती-ओहोटीच्या नोंदींवरून ठरली; त्यांत मुंबईचं अपोलो बंदर एक. जीपीएस मात्र उंची गोलाभापासून मोजतं, आणि पश्चिम भारतात समुद्रसपाटी त्या गोलाभाच्या साठ-पासष्ट मीटर खाली आहे. उपकरणाने ही दुरुस्ती केली नाही, तर लोणावळ्याच्या स्टेशनावर ५६० च्या आसपासचा आकडा दिसतो. कोणत्या ॲपने कोणती उंची लिहिली हे ट्रॅकच्या फाइलमध्ये बहुधा नोंदलेलंच नसतं. दोन ट्रेकरांच्या राजमाचीच्या फाइली जोडल्या तर मध्येच साठ मीटरांची पायरी लागते.

या सगळ्या चौकटी आता एका चौकटीत आणण्याचं काम चालू आहे. पुणे जिल्ह्यातल्याच पुरंदर तालुक्यातल्या सोनोरीत २०१९ साली गावठाणाची ड्रोनने मोजणी करून पाहिली गेली. २०२० च्या एप्रिलमध्ये सुरू झालेल्या केंद्राच्या स्वामित्व योजनेआधीचा तो प्रयोग. राज्यात भारतीय सर्वेक्षण विभागाची ७७ कॉर्स केंद्रं आहेत. ती अहोरात्र उपग्रहांचे संदेश टिपतात आणि मोजणीदाराच्या हातातल्या फिरत्या उपकरणाला, म्हणजे रोव्हरला, दुरुस्ती पाठवतात, त्यामुळे शेताच्या कोपऱ्यावरचा दगड काही सेंटिमीटरांत, थेट जगाच्या चौकटीत मोजता येतो. एक्स्प्रेस-वेच्या खोपोली ते कुसगाव या मिसिंग लिंकचे बोगदे दोन्ही तोंडांनी खणायचे होते, तेव्हाही दोन्हीकडच्या मोजणीचा आरंभ एकच लागला. बोगद्याच्या आत उपग्रह दिसत नाही, म्हणून बाहेरचा तो आकडा आतपर्यंत पुन्हा कोन आणि अंतरं मोजूनच न्यावा लागतो, शॉर्टरीडने कार्ल्याच्या मैदानातून नेला तसा. डोंगरउतारावरच्या गावांत काम अधिक बारीक आहे. रोव्हरने घेतलेला दगड एकीकडे, टिपणातल्या साखळ्या-आणे दुसरीकडे; दोन्ही जुळेनात तेव्हा भूकरमापकाला दोघा खातेदारांना बांधावर उभं करून, जुनी खूण उकरून काढून, कोणता दगड हलला आहे ते आधी शोधावं लागतं.